पद्मजाबाई आणि शाळेचा पट

पद्मजाबाई निवृत्त झाल्या हे आमच्या अख्ख्या शाळेला कळलं होतं. फक्त पद्मजाबाईंना कळलेलं नव्हतं.

मागच्या वर्षी आम्ही त्यांना शाल, श्रीफळ आणि इडली-चटणी देऊन रीतसर निरोप दिला. भाषण करताना मी चक्क रडले. ते रडणं जपून ठेवायला हवं होतं, कारण या जूनमध्ये माझ्यावर रोज रडायची वेळ येत होती आणि निम्म्या वेळा कारण त्याच होत्या.

मी मुलुंडच्या एका पालिका शाळेची मुख्याध्यापिका. एके काळी आमच्याकडे मुलंच नसायची. पट, म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या, घसरला की एखादी शिक्षिका ‘अतिरिक्त’ ठरायची आणि तिची उचलबांगडी थेट मानखुर्दला व्हायची. त्या धास्तीनं आम्ही भर मे महिन्यात वस्त्यांमधून दारोदार फिरायचो, मुलं द्या हो, मुलं द्या, करत. पद्मजाबाई सगळ्यांच्या पुढे. एकदा तर दुसऱ्या शाळेच्या बाई एका घरात चहा पीत बसल्या होत्या आणि ह्यांनी मागच्या दारानं त्या घरातली जुळी मुलं आमच्याकडे आणली. मी तेव्हा साधी शिक्षिका होते; त्या जुळ्यांमुळेच त्या वर्षी माझं मानखुर्द टळलं.

मग त्याच इमारतीत इंग्रजी माध्यम सुरू झालं, खासगी शाळांची फी आईबापांना झेपेना, मागे पुनर्वसनाच्या उंच इमारती उठल्या आणि मुलांचा लोंढा सुरू झाला. वाचनालय गेलं, तिथे चौथी बसली. प्रयोगशाळेत दुसरी. रंगमंचावर पडदा ओढून आत पहिली, पडद्याबाहेर पी.टी. सुरू झाली की आतली पोरंही हात वर करतात. पालिकेच्या ऑफिसात फोन करावा तर साहेबांचं एकच वाक्य, "मॅडम, ॲडजस्ट करा ना." खोल्या काय मी पदराला बांधून आणू?

तिसरीची शर्मिष्ठा ही माझी सगळ्यात चांगली शिक्षिका. तिच्या वर्गात एकाहत्तर मुलं. बाकांमधून चालायलाही जागा नाही, त्यामुळे ती फळ्यापासूनच ओरडायची आणि ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. एका दुपारी तिनं बदलीचा अर्ज माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, आता वर्गात एक जरी मूल वाढलं ना, तर हा पुढे पाठवा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मला खरंच जमत नाहीये."

ती गेली असती तर तिच्या जागी कोणी येणार नव्हतं. तिसरीची वाट लागली असती. मी तिला शब्द दिला, "तुझ्या वर्गात एकही मूल वाढणार नाही."

दुसऱ्याच दिवशी सकाळी एक आई मुलाला घेऊन हजर. "पद्मजाबाईंनी पाठवलंय. सिद्धेशला तिसरीत घालायचंय. त्या म्हणाल्या, जागा आहे."

जागा आहे! पालिकेच्या शाळेला मुलाला परत पाठवता येत नाही, म्हणून ‘सोमवारी या’ सांगून मी वेळ मारून नेली आणि शाळा सुटल्यावर तणतणत पद्मजाबाईंचं घर गाठलं. घर शाळेच्या मागच्याच गल्लीत. एकट्याच राहतात. त्यांनी दार उघडलं आणि मला बघून खुलल्या.

"ये गो सुलक्षणा! चहा टाकते."

"चहा नको. बाई, तुम्ही पोरं पाठवणं बंद करा."

"मी कुठे पाठवते? त्या सिद्धेशची आई भाजीवाल्याकडे भेटली. शाळेत घातलंय का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, बघतोय. बघतोय म्हटलं की मूल हातचं गेलं समज. दुसऱ्या शाळेवाले टपलेले असतात."

"कोणी टपलेलं नाही आता! सगळेच दारं लावून बसलेत. पट कमी होता तो जमाना गेला, बाई."

"पट कधी घसरेल सांगता येत नाही," त्या गंभीरपणे म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "शर्मिष्ठा सोडून चाललीय, तिला काय सांगू? पद्मजाबाईंचा वेळ जात नाही म्हणून तुझा घसा बसलाय? तुमचा आता शाळेशी काही संबंध नाही, बाई. तुम्ही आमच्या शाळेच्या कोणी नाही!"

त्या ओट्याकडे वळल्या. उगाचच गॅस बंद केला. तो लावलेलाच नव्हता.

"बरं," म्हणाल्या. "नाही विचारणार कोणाला."

जिना उतरताना मला फार वाईट वाटलं, पण माघारी काही गेले नाही. राग पुरता उतरला नव्हता.

शनिवारी मी ऑफिसातून आणखी एक ‘ॲडजस्ट करा’ घेऊन परतत होते. शाळेसमोरच्या बसस्टॉपवर पद्मजाबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. तेवढ्यात एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलीला हाताशी धरून त्यांच्याजवळ आली.

"मावशी, इथे पालिकेची शाळा कुठे हो? आम्ही नवीनच राहायला आलोय."

पद्मजाबाईंनी मुलीकडे पाहिलं. त्यांचा हात शाळेच्या दिशेनं निम्मा वर गेला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि पिशवीचा बंद घट्ट धरला.

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या.

रस्त्यापलीकडे शाळेची पाटी होती. दारावर आडवी, हातभर उंच अक्षरांची. त्या बाईला वाचता येत नसावं. मुलीला घेऊन ती उलट्या दिशेला चालायला लागली आणि पद्मजाबाई चप्पल बघत उभ्या राहिल्या. मला ते बघवेना. ज्या बाईनं माझं मानखुर्द टाळलं, तिला मी हे करायला लावलं होतं.

"ओ ताई!" मी ओरडले. "ही काय समोर शाळा! कितवीत आहे ही?"

"तिसरीत. श्रुतिका नाव."

"तिसरीतच असणार!" मी म्हटलं. "दुसऱ्या कुठल्या वर्गात कशाला असेल? सोमवारी घेऊन या."

मग मी पद्मजाबाईंकडे वळले. "आणि तुम्ही. लोकांना शाळेत बोलावून घरी बसता काय? सोमवारपासून शिकवायला या."

"मी कोण शाळेची?" त्या गाल फुगवून म्हणाल्या.

"डोकं खाऊ नका, बाई. सकाळी सातला या."

सोमवारी सकाळी शर्मिष्ठानं मला गाठलं. "मॅडम, दोन नवीन मुलं? तुम्ही शब्द दिला होतात."

"तुझ्या वर्गात वाढणार नाहीत, हा शब्द दिला होता. वाढणार नाहीत. निम्मी कमी होतील."

माझी केबिन रिकामी केली. टेबल आणि कपाटं जिन्याच्या वळणावर, पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी आली. केबिनमध्ये सतरंज्या टाकून अर्धी तिसरी बसवली आणि पद्मजाबाईंना पुढे उभं केलं. परवानगीचं पत्र ऑफिसात टाकलंय; उत्तर काय येणार ते मला पाठ आहे. शर्मिष्ठानं अर्ज मागून घेतला आणि माझ्यासमोर फाडला. मी मात्र येता-जाता पाणी सांडणाऱ्या पोरांमध्ये फायली सुकवत बसले.

मधल्या सुट्टीत पद्मजाबाई माझ्याजवळ आल्या. चेहरा काळजीचा.

"सुलक्षणा, वर्गात छत्तीसच मुलं आहेत गो. फारच कमी. मागे भिंतीकडे अजून चार मावतील."

मी हात जोडले आणि शिवदासला, आमच्या शिपायाला, ताकीद दिली की एक वेळ पोरं गेटबाहेर गेली तरी चालतील, पण शाळा सुटेपर्यंत पद्मजाबाईंना सोडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत शिवदास धावत आला. "मॅडम, बाई बाहेर नाही गेल्या. पण गेटच्या जाळीतून कोणाशी तरी बोलतायत."

मी उठले. रागानंच उठले. जाळीपलीकडे एक आई, तिच्या कडेवर एक, हाताला एक. मी तोंड उघडणार तेवढ्यात पद्मजाबाईंनी माझा हात धरून मला पुढे ओढलं आणि त्या आईला म्हणाल्या, "घाबरू नको गो. ह्या आमच्या मोठ्या बाई. ह्या कोणाला परत पाठवत नाहीत."