गुंडूअण्णांच्या नखाला न सापडलेला दात

बेंगळूरच्या चिकपेटेत माझं बटणं-दोऱ्याचं दुकान आहे. थापा मारायला वेगळी जागा लागत नाही, म्हणून तोही धंदा मी तिथूनच चालवतो. पण चौऱ्याण्णव सालच्या गणपतीत मी जी टोपी घातली, तिच्यासारखी पुन्हा जमली नाही. तिच्यात खोटं असं जवळजवळ काही नव्हतंच.

माझी भाची विद्याश्री दातांची डॉक्टर झाली आणि नगरथपेटेत जिन्यावरच्या खोलीत दवाखाना टाकून बसली. किडलेल्या दातात ती चांदी भरत नसे. तिच्याकडचा मसाला दाताच्याच रंगाचा, त्यात धातू नावाला नाही. मऊ लगदा थोडा थोडा लावायचा, वर निळा उजेड धरायचा, की झाला टणक. सगळं झकास. फक्त खुर्चीत बसायला माणूस नव्हता.

कारण आमचे गुंडूअण्णा.

आम्ही इथले जुने मराठी शिंपी, आणि गुंडूअण्णा आमच्यातले रफूचे उस्ताद. रेशमी साडीला खिळा लागून फाटलं की अख्खं बेंगळूर त्यांच्याकडे येई. त्यांनी उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं. डोळे मिटून ते कापडावरून फिरवायचे आणि कुणी, कुठे रफू केलंय ते बरोब्बर सांगायचे. त्यांच्या मागच्या दाढेत पासष्ट सालची चांदी होती, ती ते तोंड उघडून पाहुण्यांना दाखवत. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी निकाल देऊन टाकला की रफूचा दोरा त्याच कापडाच्या काठातून काढावा लागतो, मग दाताचा दोरा ही पोरगी कुठून काढणार? भिंतीची पुट्टी आहे ती, दहा दिवसांत गळेल. त्यापेक्षा चांदीचं ठिगळ बरं, निदान ठिगळ म्हणून दिसतं तरी.

झालं. पेटेतला एकही माणूस जिना चढेना. विद्याश्रीचे वडील, आमचे वासुदेव भावोजी, सरळ माणूस. त्यांनी तिला दसऱ्यापर्यंत मुदत दिली. तोवर खुर्ची भरली नाही तर दवाखान्याला कुलूप, आणि के. आर. पुरमच्या एका डॉक्टरांच्या हाताखाली मदतनीस. पोरगी रिकामी खुर्ची रोज पुसत राहिली. ते बघून माझं डोकं चालायला लागलं.

गुंडूअण्णांची बायको ठकुअक्का. जन्मभर घरी बसून शर्टांची काजं केली आणि दोरा दातानं तोडला. शिंप्यांच्या घरात सगळ्यांच्याच पुढच्या दाताला खाच असते, अक्कांची खाच मात्र किडून काळी झाली आणि एक दिवस कोपराच उडाला. अकरा वर्षं ही बाई तोंडावर पदर धरून हसत होती. मी त्यांना म्हटलं, अक्का, अण्णांचं नख हरवायचंय, येताय? त्या आधी घाबरल्या. मग पदराआड इतक्या हसल्या की मला उत्तर मिळालं.

अण्णा दहाला दुकानात जात. सव्वादहाला मी अक्कांना जिना चढवला.

विद्याश्रीनं त्यांना आधी खुर्चीत बसवलंच नाही, खिडकीशी नेलं. हातात दातांच्या रंगाचे नमुने, एकेक दाताला लावून बघत होती. अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पिराजी, आमचे हे पण दोरा असाच उन्हात धरून जुळवतात की रे." मग दात कोरला, कापूस लावून कोरडा केला, थर, उजेड, पुन्हा थर. तासाभरानं आरसा दिला. अक्कांनी बराच वेळ तो खाली ठेवला नाही. विद्याश्रीनं एकच ताकीद दिली, दोरा तोडायला कात्री वापरायची.

तीन आठवडे अक्का घरात पदर धरूनच हसल्या. ही अट माझी.

गणपतीच्या जेवणाला दुपारी समाजाच्या हॉलमध्ये सगळी पेट जमली. पुरणाच्या होळिगे झाल्या, तळलेली कडक कोडबळी आली, आणि मी उठून सांगितलं की या पंगतीत एका माणसाचा पुढचा दात विद्याश्रीनं दुरुस्त केलाय. अण्णांनी शोधावा. आणि नाही सापडला तर रफूवाल्यांचा जुना रिवाज पाळावा: ज्याचं काम आपल्या नखाला सापडत नाही, त्याच्यापुढे भर समाजात पान-सुपारी ठेवायची आणि त्याला कारागीर म्हणायचं. अण्णांनी हे आयुष्यात कुणासाठी केलं नव्हतं.

ते खुशीत आले. स्वल्प थांब म्हणाले, हात धुतले, चष्मा पुसला आणि सुरू झाले. माझ्या दातांवर नख फिरवलं, भावोजींच्या फिरवलं, कल्लाप्पा आचाऱ्यालाही सोडलं नाही. विद्याश्री भिंतीला टेकून उभी. पंगत संपत आली तशी अक्कांची पाळी आली. अण्णा त्यांच्यापुढून सरळ निघून गेले. "हिचं काय बघायचं? हिचा दात फुटकाच आहे."

हेच हवं होतं मला. घरचं कापड कोण तपासतो?

शेवटी माझ्याकडे परत आले आणि माझ्या खाचेवर नख टेकवून म्हणाले, "हा. इथं लागतंय नखाला."

"अण्णा, ती दोऱ्याची खाच. देवानं दिलेल्या दाताला मीच पाडलेली."

तेवढ्यात अक्कांनी कोडबळं उचललं. पदर सोडून दिला, पुढच्या दातांनी कडकन तोडलं, आणि हसल्या. अकरा वर्षांचं साठलेलं हसू होतं ते, हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला पोचलं. विद्याश्रीनं डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा दात जागेवर होता.

अण्णा बघतच राहिले. मग बायकोला हाताला धरून खिडकीशी नेलं. उन्हात हनुवटी वर केली. डोळे मिटून नख फिरवलं, डावीकडून, उजवीकडून, पुन्हा डावीकडून. हॉलमध्ये वाढपीसुद्धा थांबले होते.

"कधी केलंस हे?"

"तीन आठवडे झाले. रोज तुमच्यासमोर बसून जेवते की."

मला वाटलं आता माझ्यावर घसरतील, मी दाराकडे दोन पावलं सरकूनही ठेवली होती. पण उस्ताद तो उस्ताद. त्यांनी गणपतीपुढचं पान उचललं, वर सुपारी ठेवली, हॉल ओलांडून गेले आणि विद्याश्रीपुढे दोन्ही हातांनी धरलं. "सरी बाळ, कबूल. सापडलं नाही. तू कारागीर." पोरीनं आधी पान घेतलं आणि मग रडली.

त्यांनी स्वतःच्या दाढेवर बोट ठेवून ही चांदी आता काढून टाकायची का, असं विचारलं. तिनं वाकून बघितलं आणि सांगितलं, ही अजून पक्की आहे, हिला हात लावायचा नाही. हे ऐकल्यावर तर अण्णा पुरते तिचे झाले. मग हळूच वरचा ओठ उचलून आपली काळी खाच तिला दाखवली. ती इतकी वर्षं आम्हा कुणाच्या नजरेत आली नव्हती.

"तुझ्या खिडकीत ऊन किती वाजता चांगलं येतं?"

"दहाला, अण्णा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुकान उशिरा उघडलं. मी सव्वादहाला गेलो तेव्हा रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत आली होती, भावोजी लोकांना ओळीत उभं करत होते, आणि मला म्हणाले, मागे उभा राहा.