‘इथेच थांब’

मी एक ओळ बोलतेय. प्रोग्रॅममधली, जेमतेम दोन शब्दांची: ‘इथेच थांब.’

लोकांच्या कामाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं एक सॉफ्टवेअर आहे, त्यात माझा जन्म झाला. मला लिहिणारी तेव्हा नोकरीत नवीन होती. ती एक जुनी आवृत्ती उघडायला गेली आणि याच सॉफ्टवेअरने ती नेमकी तिच्या जतन न केलेल्या कामावर आणून टाकली. तीन आठवडे पाण्यात. साहेबांनी मानही वर केली नाही. “आधी जतन करायचं ना,” म्हणाले. ती बाथरूममध्ये जाऊन रडली, तोंड धुऊन आली आणि तिने मला लिहिलं. कुणाचं काम जतन करायचं राहिलेलं दिसलं, की मी सगळा प्रोग्रॅम जागच्या जागी बंद करायचे.

अकरा वर्षं एवढंच केलं. “मेलं परत बंद पडलं,” म्हणून लोक बोटं मोडायचे. मोडेनात का, काम तर वाचायचं त्यांचं.

आता खरं सांगायचं तर मला रीतभात नव्हती. मी तडकाफडकी निघून जायचे, उघड्या फायली मागे तशाच. माझ्यासकट अशा चाळीस ओळी होत्या. त्या नीट करायचं ठरलं. अधेमधे कुणी थांबायचं नाही, अडचण फक्त प्रोग्रॅमच्या वरच्या भागाला कळवायची. मग तो भाग सगळा पसारा आवरून थांबेल. म्हणणं रास्तच होतं.

काम तिच्याकडेच आलं. आता सगळे तिला ताई म्हणतात.

“कुणी लिहिलंय हे असलं?” ती हसली.

शेजारच्याने प्रोग्रॅममधल्या बदलांचा इतिहास उघडून पाहिला. “ताई, तुम्हीच.”

“शहाणीच होते मी,” म्हणाली आणि मला खोडलं. माझ्या जागी ‘अडचण आहे, कळव’ आलं. एकोणचाळीस ठिकाणी वरच्याने ऐकून घ्यायची सोय तिने केली. माझ्या ठिकाणी करायची राहिली. तिथे आता अडचण कळवली जाते, ती ऐकायला कुणी नसतं आणि काम बिनदिक्कत पुसलं जातं.

मी जुन्या आवृत्तीत पडून आहे. इथून सगळं दिसतं, करता काहीच येत नाही.

सोमवारी एका मुलीचं पत्र आलं. तिच्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण गेलं होतं. परत मिळेल का, विचारत होती. ताई, एकदा इतिहास उघड गं, मी इथेच आहे. ताईने चहाचा कप बाजूला ठेवला, पत्र वाचलं आणि उत्तर लिहिलं.

“आधी जतन करायचं ना.”