न शिवता आलेला स्पर्श

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल इतका भरला होता, की खाली विकायला ठेवलेल्या खुर्च्या वर आणाव्या लागल्या. त्यांच्यावरचं प्लास्टिक तसंच होतं, त्यामुळे कुणी जरा हललं की कुरकुर व्हायची. पण हलतंय कोण? सगळ्यांचे डोळे समोरच्या टेबलाकडे लागले होते.

टेबलाशी खडेबाबा बसले होते. हे नाव लोकांनी दिलेलं. स्वतःला ते स्पर्शसाधक म्हणवत. अंड्याएवढा गुळगुळीत पांढरा खडा हे त्यांचं भांडवल. मनगटात लाकडी मण्यांची सैल माळ, कानाला माइक. त्यांच्यासमोर एक बाई डोळे मिटून बसली होती. आजारपणानंतर तिच्या हातांना काही कळत नव्हतं.

"शास्त्र थकतं तिथून स्पर्श चालू लागतो," बाबा म्हणाले. "नसा मेलेल्या नाहीत, ताई, रुसल्यात. आपण समजूत काढायची."

माळ खळखळली. खडा बाईच्या बोटांवरून फिरला.

"आलं?"

बाई गप्प. माळ पुन्हा खळखळली.

"आलं?"

"आलं," बाई म्हणाली आणि रडायला लागली. हॉलभर टाळ्या झाल्या. सगळ्यात मोठी टाळी दुसऱ्या रांगेतल्या एका टकलू गृहस्थाची होती. बुवा-बाबांच्या चमत्कारांवर विश्वास ठेवणाऱ्यांची कीव करण्यात त्याची सगळी नोकरी गेली होती. शाळेत तो विज्ञान शिकवायचा. तो गृहस्थ म्हणजे मी.

तिथवर कसा पोचलो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मला कॅन्सर झाला. केमो घेतली, बरा झालो. आजार गेला, पण जाताना बोटांच्या टोकांची आणि तळपायांची जाणीव घेऊन गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की ज्या औषधाने आजार मारला त्यानेच नसांनाही मार बसला आहे. काहींचं सुधारतं, काहींचं नाही. आमच्यासारख्या बऱ्या झालेल्यांचं पुढे काय होतं, याचा हॉस्पिटलात एक अभ्यास चालू होता. त्यात मी नाव घातलं होतं. अधूनमधून बोलावत, बोटं तपासत, प्रश्न विचारत. शास्त्राची सेवा करतोय म्हणून मी तिथे जरा छाती काढूनच जायचो.

घरी मात्र शर्टाची बटणं बायको लावायची. ती कधी बोलली नाही. पण रोज सकाळी तिच्यासमोर हनुवटी वर करून उभं राहताना मला शाळेत निघालेल्या पोरासारखं वाटायचं.

बाबांकडे मला नेलं बेकरीवाल्याने. केमोच्या वॉर्डात आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. ओकाऱ्या काढताना एकमेकांची भांडी धरलेली माणसं आम्ही, त्यामुळे आमच्यात आडपडदा नव्हता. त्याची बोटं माझ्यासारखीच, आणि तळपाय माझ्यापेक्षा बधिर.

"मास्तर, नुसतं बघायला चला," तो म्हणाला.

नुसतं बघायलाच सगळे जातात. त्या रडणाऱ्या बाईनंतर माझा नंबर लागला. मी डोळे मिटले. माळ खळखळली, बाबांनी विचारलं, "आलं?" आणि खरं सांगतो, आलं. गार, गुळगुळीत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मी म्हणालो, "आलं." बेकरीवाल्याने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचंही नुकतंच 'आलं' होतं.

दुसऱ्या दिवशी मी एक बटण स्वतः लावलं. चहा निवून गेला, पण लावलं. बायको बघत होती.

"छान झालं," ती म्हणाली. "पण तुम्ही बटणाकडे डोळे वटारून बघत होता."

"मग काय छताकडे बघू?"

तिने निवलेला चहा उचलून नेला. तीस वर्षं विज्ञान मी शिकवलं, आणि निरीक्षण मात्र ती करत होती.

विज्ञानाचा शिक्षक गळाला लागला म्हटल्यावर बाबा कशाला सोडतात? पुढच्या सभेच्या फलकावर माझा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, 'विज्ञानही नतमस्तक'. फोटोत माझी मान खाली होती, कारण काढणाऱ्याने मी चप्पल शोधत असताना तो काढला होता. तरी मला तो आवडला. मी बाबांना म्हणालो, "हॉस्पिटलात माझी तपासणी आहे. रिपोर्ट घेऊनच स्टेजवर येतो. कागदावर पुरावा असला की शंकेखोरांची तोंडं बंद." पुराव्याचा आग्रह धरणारा भक्त मिळाला म्हणून बाबा जरा गडबडले असावेत, पण फलक छापून झाला होता.

हॉस्पिटलातली अभ्यास करणारी डॉक्टर तरुण होती. नायलॉनचा केसासारखा बारीक दोरा बोटाला टेकवायचा आणि जाणवतो का विचारायचं, अशी तिची तपासणी.

"काका, डोळे मिटा. मी 'आता?' म्हणेन. जाणवलं तर हो, नाही तर नाही."

"आता?"

"हो."

"आता?"

"हो. मधल्या बोटाला."

सगळं हो. इतका चांगला पेपर मी आयुष्यात लिहिला नव्हता. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर माझ्याकडे बघत होती. कौतुकाने नव्हे, काळजीने.

"काका, मधूनमधून मी नुसतंच 'आता?' म्हणते. दोरा लावत नाही. तुम्ही तेव्हाही हो म्हणालात. दरवेळी."

"पण मला जाणवलं."

"जाणवलंच असणार. तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. प्रश्न आला की मन स्पर्शाची वाट बघायला लागतं, आणि फार हवासा असला की तो तयारही करतं. पुष्कळांचं होतं असं. म्हणून तर हे रिकामे प्रश्न घालावे लागतात."

मी तिला खड्याचं सांगितलं. आधी सांगितलं नव्हतं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तिने एक शर्ट पुढे केला. "डोळे मिटून एक बटण लावा."

मी बराच वेळ त्या शर्टाशी झटलो. काज सापडेना, आणि बटण हातात आहे की सुटलंय हेही कळेना. शेवटी शर्ट ठेवून दिला.

"म्हणजे मी तुमचा अभ्यास बिघडवला," मी म्हणालो.

"बिघडला असता, रिकामे प्रश्न नसते तर. काका, तुम्ही इथे पास व्हायला येत नाही. बोटं बधिर असतील तर बधिर सांगायचं. पुढच्या रुग्णांना केमोचं औषध किती द्यायचं, कधी थांबायचं, हे अशा उत्तरांवरून ठरतं. तुमच्या चुकीच्या 'हो'मुळे उद्या कुणाची तरी बोटं जातील."

मी घरी आलो. लाज गिळून गप्प बसायचं, स्टेजवर आजारी असल्याचा निरोप पाठवायचा, असं ठरवलंही होतं. तेवढ्यात बेकरीवाल्याच्या सुनेचा फोन आला.

बाबांनी बरं केल्यापासून तो जाड तळाचे बूट घालत नव्हता. अनवाणी भट्टीशी वावरायचा. भट्टीतून काढलेला पत्रा खाली ठेवला होता, त्यावर त्याचा पाय पडला आणि त्याला कळलंच नाही. फरशीवर डाग दिसले तेव्हा सुनेने पाय उचलून बघितला.

मी गेलो तेव्हा तो पाय उशीवर ठेवून पडला होता. चेहरा प्रसन्न.

"मास्तर, एवढं भाजलं, पण दुखलं नाही. बाबा म्हणाले, ही खड्याची कृपा."

"अहो, दुखलं नाही कारण पाय बधिर आहे."

"बाबा म्हणाले, शंका घेऊ नका, आणि पट्टी सोडा. मोकळ्या हवेत खडा काम करतो. रविवारी स्टेजवर दाखवणार आहेत मला."

सून दारात उभी होती. "दवाखान्यात यायला तयार नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही सांगा. तुमचा फोटो बघूनच त्यांचा विश्वास पक्का झालाय."

ते वाक्य बरोबर तिथे लागलं जिथे लागायला हवं होतं. तिथल्या नसा शाबूत होत्या.

रविवारी मी बायकोला घेऊन सभेला गेलो आणि स्टेजवर चढलो. बाबांनी माझी ओळख करून दिली. मी म्हणालो, "रिपोर्ट सांगण्याआधी एक प्रयोग करतो. शिक्षकाची खोड आहे. महाराज, खडा आणि माळ द्याल?"

एवढ्या लोकांसमोर ते नाही कसं म्हणणार? मी बायकोला वर बोलावलं, माळ तिच्या हातात दिली आणि डोळ्यांवर रुमाल बांधून घेतला. तिने माळ खळखळवली. "आलं का हो?"

"आलं," मी म्हणालो. हॉलमध्ये खसखस पिकली. खडा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता. गंमत अशी, की सगळी लबाडी ठाऊक असूनही मला तो गार खडा लागला होता. माझ्या बुद्धीला कुणी विचारतच नव्हतं.

"तुमचं तुमच्यापाशी," समोरून बेकरीवाला उठला. "माझं खरं आहे. मला बघा करून."

तो लंगडत वर आला. मला त्याचा तमाशा करायचा नव्हता. मी तसं म्हणालोही. तो ऐकेना. त्याने स्वतःच रुमाल बांधला आणि हात टेबलावर पसरले.

बायकोने माळ वाजवली. "आलं?"

"आलं. अंगठ्याला."

कुणी हसलं नाही. खडा माझ्या हातात होता. मग मी माळ वाजवू दिली नाही, काही विचारलंही नाही. खडा हळूच त्याच्या बोटांच्या टोकांवर ठेवला आणि तसाच राहू दिला. खुर्च्यांचं प्लास्टिकही गप्प. बेकरीवाला वाट बघत बसला. थोड्या वेळाने म्हणाला,

"मास्तर, सुरू कधी करताय?"

मी त्याच्या डोळ्यांवरचा रुमाल सोडला. त्याने बोटांवरच्या खड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आजारपणातही त्याचा चेहरा असा पडलेला मी पाहिला नव्हता.

बाबांनी माइक सावरला. "शंकेच्या सावलीत खडा झोपतो."

"आणि खडा लांब असताना कोण जागं होतं?" मागून कुणीतरी विचारलं. "माळ?"

तेव्हा हशा झाला. पण सगळे उठून गेले असं समजू नका. निम्मे गेले, उरलेल्यांनी रांग लावली, आणि ती रडलेली बाई रांगेत होती. मी तिला दोष देत नाही. मी त्याच रांगेतून आलो होतो.

जिन्यात बेकरीवाला माझा दंड धरून, प्रत्येक पायरीकडे बघत उतरला.

"म्हणजे बरं काहीच झालं नाही?"

"कॅन्सर बरा झालाय की."

"ते आहेच," तो म्हणाला, आणि जरा हसला. खाली सून रिक्षा घेऊन उभी होती. दवाखान्यात जखम धुताना डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर केला असता तर पायाचं बोट काढावं लागलं असतं. पाय वाचला. भरून यायला वेळ लागला.

पुढच्या तपासणीला मी त्याला अभ्यासात नाव द्यायला घेऊन गेलो. बाहेर बसल्यावर त्याने विचारलं, "इथे आपल्याला काय मिळतं?"

"काही नाही. बोटं आहेत तशीच राहतील. आपल्यानंतर त्या खुर्च्यांवर बसतील त्यांना कदाचित मिळेल."

मग आतून बोलावणं आलं, आणि डॉक्टरच्या 'आता?'ला 'नाही, नाही' म्हणणारा त्याचा खणखणीत आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत राहिला.

मंडळी, बरं वाटणं वाईट नाही. पण बरं वाटणं आणि बरं होणं या दोन गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक एकट्याच्या मनाला कळत नाही. शिकलेल्या मनाला तर मुळीच नाही, कारण त्याला स्वतःचा भरवसा जास्त. म्हणून कुणी तुमचा हात हातात घेऊन "आलं?" असं विचारलं, तर त्याला एवढंच विचारा: तुम्ही न शिवता कधी विचारून पाहिलंय का? जो म्हणेल, "हो, आणि तेव्हा लोक काय म्हणाले तेही सांगतो," त्याच्यापुढे हात खुशाल ठेवा.