पापपारखी फूल

खाली लाँड्रीतल्या इस्त्रीयंत्राने एक दीर्घ, वाफाळलेला उसासा टाकला. जणू माडीवर दाटीवाटीने उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांच्या वतीनेच. माझी धाकटी बहीण कुंडीवर वाकली होती. तिने आणखी एकदा खोल श्वास ओढला, मान वर केली आणि मघाशी म्हणाली होती तेच तितक्याच शांतपणे म्हणाली,

"नाही. मला कसलाच वास येत नाही."

परिमळबाबांनी डोळे मिटले. दुःखाचा अभिनय करताना भुवया किती उंच न्याव्यात याचा त्यांचा हिशेब जरा चुकत असे. त्या थेट टकलाच्या सीमेवर जाऊन थांबल्या.

"डाग आहे," ते पुटपुटले. "अंतःकरणावर. हट्टी डाग."

आम्ही जमलो होतो ते धाकटीच्या लग्नाची तारीख ठरवायला. मुलाची आई लाँड्रीची मालकीण. कामगार, शेजारी आणि निम्मी गल्ली बाबांच्या दर्शनाला जिन्यापर्यंत लोटली होती. बाबांनी आणलेल्या कुंडीत फिकट जांभळी फुलं होती. पुण्यवंताला त्यांचा स्वर्गीय गंध येतो, पाप्याला काहीच येत नाही, असा त्यांचा सिद्धांत.

"फूल म्हणजे एक्स-रे आहे, बाई! तिथे हाडं दिसतात, इथे कर्मं!"

विहीणबाईंना हे पटलं, याचं मला नवल वाटलं नाही. धुण्यासाठी आलेल्या प्रत्येक शर्टाची कॉलर त्या आधी नाकाला लावत. 'गिऱ्हाईक खोटं बोलेल, कॉलर बोलत नाही,' हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान. मळ नाकाला कळतो, तर मनाचा का कळू नये?

त्या स्वतः "अगदी देवाघरचा वास!" म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांच्या चिरंजीवांनी, म्हणजे नियोजित वराने, एवढा मोठा "आहाहा!" केला होता की एक पाकळी गळून पडली. मला मात्र ओल्या पुठ्ठ्यासारखा आंबूस वास आला. मी तसं सांगितलं, तेव्हा बाबांनी मला 'अर्धपापी' या मधल्या वर्गात बसवलं. इस्त्रीवाले काका म्हणाले, "वास छान आहे, पण मला नको वाटतो. बायको दवाखान्यात होती ना, तेव्हा उशाशी हीच फुलं असायची." त्यांच्या खात्यावर 'पुण्य आहे, पण कृतज्ञता नाही' असा शेरा पडला.

"मुलीला तीन महिने आमच्या शुद्धिवर्गात ठेवा," बाबा म्हणाले. "मग तारखेचं बघू."

"म्हणजे माझी नोकरी गेली," धाकटी म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. "आणि जन्मभर माझ्याकडे बघून लोक नाक मुरडणार, ते वेगळंच." तिने वराकडे पाहिलं. वर पंख्याकडे पाहत होता.

तेवढ्यात जिन्यावर एक प्रचंड शिंक झाली आणि गर्दी आपोआप दुभंगली. आत्या आली होती, आणि जिन्यावरच्या गर्दीने तिला सगळी हकिगत आधीच पुरवली होती. आमची आत्या कान-नाक-घशाची डॉक्टर. आणि त्या दिवशी तिचंच नाक सर्दीने पार चोंदलेलं.

"डाग कसला म्हणालात?" तिने रुमालाआडून विचारलं. "चहाचा की शाईचा?"

"पापाचा!"

"मग तपासून घेऊ की. मला आज कसलाच वास येत नाही. माझ्याइतका निःपक्षपाती पंच शोधून सापडायचा नाही."

लाँड्रीत शर्टांची गळलेली बटणं साठवायचे दोन सारखे डबे होते. आत्याने ते रिकामे करून पुसून घेतले. पडद्याआड जाऊन तिने एकात फुलं ठेवली, दुसऱ्यात सुकवणीयंत्राच्या जाळीत जमलेला सुताचा भुगा. डोळ्यांवर टॉवेल बांधायचा, डबे हुंगायचे आणि फुलांचा ओळखायचा. दर खेपेला डब्यांची अदलाबदल.

"एकदा कुणाचाही नेम लागतो," आत्या म्हणाली. "पुनःपुन्हा लागला, तर मानू."

विहीणबाईंनी प्रत्येक वेळी फुलं अचूक ओळखली. इस्त्रीवाल्या काकांनीही ओळखली, नाक मुरडत का होईना. आंबूस डबा शोधायला मलाही कष्ट पडले नाहीत.

"आता बाबा," आत्या म्हणाली.

"आमचं नाक सध्या समाधीत आहे."

"उठवा त्याला," विहीणबाई म्हणाल्या. बाईंची श्रद्धा भाबडी होती, पण धंदा चोख. न तपासता त्यांनी कधी रुमालसुद्धा परत केला नव्हता. त्यांनी स्वतः टॉवेलची गाठ आवळली.

बाबांनी दोन्ही डब्यांवर नाक फिरवलं. चेहऱ्यावर तेज पसरलं.

"हाच! ब्रह्मांड दरवळतंय! यात साक्षात स्वर्ग आहे!"

विहीणबाईंनी झाकण काढलं. आत साक्षात भुगा होता.

डबे पुन्हा बदलले, आणि पुन्हा. बाबांची भुग्यावरची निष्ठा ढळेना. अखेर टॉवेल सुटला, तेव्हा एक करडा पुंजका त्यांच्या मिशीला लोंबत होता, आणि सगळी माडी खिदळत होती.

"यांनाही त्या फुलांचा वास येत नाही," आत्या म्हणाली. "भुग्याला धुतल्या सुताचा पुसट वास आहे, तेवढाच यांच्या नाकाला पोचतो."

"म्हणजे बाबा महापापी?" जिन्यावरून कुणीतरी ओरडलं.

"छे हो! कुणीच नाही. नाकात वास टिपणारी शेकडो तऱ्हांची कुलपं असतात. ठरावीक वास किल्लीसारखा ठरावीक कुलपांनाच लागतो. कुठलं कुलूप सैल आणि कुठलं घट्ट, ते बरंचसं आईबापांकडून येतं. या फुलातल्या मुख्य गंधाचं कुलूप कितीतरी जणांत नीट चालत नाही. मग कुणाला काहीच येत नाही, तर कुणाला आंबट येतो. आणि वास येऊनही आवडणं-नावडणं, ते आठवणींवर. काकांचं ऐकलंत ना?"

"लाल-हिरवा ओळखता येत नाही अशी माणसं आमच्याकडे येतात," धाकटी म्हणाली. "आम्ही त्यांना पापी म्हणत नाही."

"हे तुम्हाला कधी कळलं?" विहीणबाईंनी बाबांना दरडावलं.

"पूर्वी फुलं विकायचो," बाबा मिशी झटकत म्हणाले. "निम्मी गिऱ्हाइकं म्हणायची, वासच नाही. मला स्वतःलाही येत नव्हता. म्हटलं, या भांडणाचा काहीतरी उपयोग व्हायला हवा." आणि कुंडी तिथेच टाकून ते मागच्या जिन्याने, समाधीस न शोभणाऱ्या वेगाने, पसार झाले.

निसर्गाने प्रत्येकाच्या नाकात वेगळी बाग लावली आहे. शेजाऱ्याच्या बागेत एखादं फूल उमलत नाही, म्हणून तिथे पाप गाडलंय असं सांगणारा भेटला, तर त्याच्याशी वाद घालू नका. दोन डबे आणा, एक टॉवेल आणा, आणि परीक्षा आधी त्याचीच घ्या.

"राजा, आता तू," विहीणबाई मुलाला म्हणाल्या.

राजाने टॉवेल बांधला, डबे हुंगले आणि सवयीने "आहाहा!" केला. भुग्याला. पुन्हा भुग्यालाच.

"मग मघाशी कसला आहाहा केलास रे?" आईने विचारलं.

"मला तरी कुठे येत होता वास! पण सगळे बघत होते, आई. आणि मला कुठे शुद्धिवर्गात पाठवलं असतं तर!"

पुन्हा हशा उसळला. धाकटी हसली नाही.

"मला पाठवत होते," ती म्हणाली. "तेव्हा तू शेजारीच उभा होतास."

"हो, पण आता झालं ना सगळं साफ?" तो उजळून म्हणाला. "मग तारीख ठरवायची ना?"

धाकटीने पर्स खांद्याला लावली, दाराशी चपला घातल्या आणि वाफेतून वाट काढत जिना उतरून गेली.