लसूण अजून कच्चा आहे

"लसूण अजून कच्चा आहे," गणपतराव फोनवर म्हणाले आणि शिलाई मशीनचं चाक उगाच फिरवलं. "थोडं थांबा. निघाला की गुंजनला पाठवतोच."

पलीकडे धरमपुरीहून जावई, अंशुल, कुरकुरत होता. गणपतराव हूं हूं करत राहिले. देवासात शिंपीकाम करताना त्यांचा उभा जन्म लोकांना थोपवण्यातच गेला होता. "भिया, काज-बटणाला गेलंय, परसों ले जाना." गिऱ्हाईक चिडायचं, पण थांबायचं. जावईही थांबेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

संक्रांतीला लेक माहेरी आली, तेव्हा तिच्या परतीची वेळ त्यांनीच ठरवून दिली होती. परसातला लसूण निघाला की पाठवतो. नवरात्रात हौसेने लावलेला वाफा, त्याची पहिली जुडी लेकीबरोबर सासरी जायची होती.

मग ती आल्याच्या दुसऱ्याच दुपारी कुर्त्याचं माप घेताना गुंजन म्हणाली, "बाबा, बाही लांब ठेवा." त्यांनी दंडाला टेप लावला आणि तिने हात झटकन मागे घेतला. दंडावर चार बोटं उमटली होती, काळीनिळी. गणपतरावांनी खाली मान घालून माप लिहिलं. विचारायची हिंमत झाली नाही, आणि तिने सांगितलं नाही. बायकोलाही ते बोलले नाहीत. बोललं की काहीतरी ठरवावं लागणार होतं. त्या दिवसापासून लसूण कच्चा राहिला.

पाती पिवळी पडली, वाळली, आडवी झाली. "अहो, काढा आता," कुसुमावती रोज म्हणायची. "जमिनीतच फुटेल तो."

"तुला काय कळतं त्यातलं?" ते खेकसायचे. तिला सगळं कळत होतं, म्हणून तर खेकसायचे.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी अंशुल न सांगता दारात उभा राहिला. चहाला नको म्हणाला आणि सरळ परसात गेला. त्याच्या घरी दरवर्षी शेतात लसूण असायचा. त्याने उकिडवं बसून एक पात ओढली. ती नुसतीच हातात आली. मग त्याने बोटांनी माती उकरली. गड्ड्याचं साल कुजलं होतं, पाकळ्या सुट्या झाल्या होत्या, एकीला हिरवा कोंब फुटला होता.

"याला कच्चा म्हणता, बाबूजी?" तो हसला. "हा तर होळीच्या कितीतरी आधी काढायचा होता. चल गुंजन, बॅग भर. लसूण निघाला."

गुंजन दारात होती. तिने बाही मनगटापर्यंत खाली ओढली. कुसुमावतीने तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"परवा..." त्यांच्या तोंडून सवयीने निघालं.

"परवा क्या? आजच."

"परवा नाही." गळ्यातला टेप त्यांनी मुठीत धरला. "कधीच नाही. मी तिच्या दंडाचं माप घेतलंय, अंशुलराव."

अंशुलचं हसू गेलं. "घर की बात आहे ती. नवराबायकोत होतं असं. गुंजन, तू बोल."

गुंजनने वळून आतल्या खोलीकडे पाहिलं. गणपतरावांना वाटलं, ती आत जाऊन बॅग भरणार, आणि दोष आपलाच, आपण विचारलंच नाही.

"मी नाही येणार," ती म्हणाली.

अंशुल उठून तिच्याकडे निघाला. कुसुमावती मध्ये येऊन उभी राहिली. तिच्या हातात चहाची गाळणी होती, तीच तिने पुढे धरली.

"मग ठेवा इथेच, हमेशा के लिए," अंशुल म्हणाला आणि हातातली पात भिरकावून निघून गेला. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला, तरी तिघं तशीच उभी होती.

शेवटी कुसुमावतीने खुरपं आणलं. वाफ्यात एकही गड्डा अख्खा निघाला नाही. पाकळ्या मातीतून वेचाव्या लागत होत्या.

"हा काही टिकायचा नाही," गणपतराव खालमानेने म्हणाले. "मी फार उशीर केला."

"चटणी करू," कुसुमावती म्हणाली.

ऊन चांगलंच चढलं होतं. गुंजन त्यांच्याशेजारी बसली. लांब बाह्या तिने दुमडल्या, कोपराच्या वर, दंडाच्याही वर, आणि मातीत हात घातला.