सत्तरच्या वर

"साहेब म्हणतात, क्षणात झालं. पापणी लवते न लवते तोच. खरं का हो, बाई?"

प्रयोगशाळेच्या दारात स्फोटात गेलेल्या ऑपरेटरची बायको उभी होती. त्याला सात महिने झाले होते. बाईंनी हातातली बाटली खाली ठेवली आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा, वहिनी."

रंगांच्या त्या कारखान्यात बाई एकोणीस वर्षं एकच काम करत होत्या. कुठली रासायनिक क्रिया किती वेगाने होते, ते मोजायचं. दर पाच मिनिटांनी मिश्रणाचा नमुना घ्यायचा, बर्फात ओतून क्रिया जागच्या जागी थांबवायची, मग कच्चा माल किती उरला ते थेंबाथेंबाने तपासायचं. हाताखालची पोरं त्यांना घड्याळबाई म्हणत. "बाईंना शिंक आली तरी वेळ टिपून ठेवतील," ही चेष्टा ऑपरेटरची. मोठ्या भांड्यातला नमुना तोच धावत आणायचा. "घ्या बाई, पाचाला पाच. सेकंद इकडे की तिकडे नाही."

आता तो नव्हता, तरी दर पाच मिनिटांनी जिन्यात त्याची पावलं वाजत. बाई मान वर करत. दारात कोणी नसे. घरीही तेच. गॅसवर दूध असायचं, बाहेर पावलं यायची, बाई कान देऊन उभ्या राहायच्या आणि दूध उतू जायचं. धाकटी बहीण ओरडायची, "ताई, अगं लक्ष कुठंय तुझं?"

"खरं नाही," बाई म्हणाल्या. "क्षणात नाही झालं."

वहिनी आत येऊन स्टुलावर टेकली.

"तापमान ऐंशीला गेलं तेव्हा घंटा वाजली. पुढची नोंद जळाली. म्हणून नंतर मीच मोजलं. इवल्याशा नळ्या तेलात बुडवून तापवल्या, तेच मिश्रण, सत्तर, ऐंशी, नव्वद. कोणाला न सांगता. हिशेब दहादा केला." "घंटेपासून नऊ मिनिटं होती."

"आणि दार?"

"तीस पावलांवर."

"म्हणजे पळता आलं असतं."

"हो. त्यांनी हाताखालच्या दोघांना बाहेर हाकललं आणि ते भांडं थंड करणाऱ्या पाण्याची झडप उघडत राहिले. जुनी, गंजलेली झडप. सापडली तेव्हा पूर्ण उघडी होती."

"दोघांना हाकललं. मग घरी आम्ही कोणीच नव्हतो का त्यांचे?" वहिनी जवळजवळ ओरडलीच. मग हळूच म्हणाली, "आमची आठवण आली असेल का हो तेव्हा?"

"ते मला मोजता येत नाही, वहिनी."

बाईंना इथेच थांबता आलं असतं. सात महिने त्या थांबल्याच होत्या.

"अजून एक आहे. हे सगळं मी आधी मोजायला हवं होतं. आमच्या जुन्या यंत्राचं पाणी सत्तरच्या वर तापत नव्हतं. आलेखावर पुढची रेघ मी नुसती ठिपक्यांनी ओढली. साहेबांनी विचारलं, 'वेग असाच वाढत जाईल ना?' मी म्हटलं, 'जायला हवा.' माहीत नव्हतं, तरी म्हटलं. त्याच भरवशावर त्यांनी भांडं सत्तरच्या वर न्यायला सांगितलं. सत्तरच्या वर दुसरीच क्रिया सुरू होते, वेग कुठल्या कुठे जातो. चौकशीत हे कोणी विचारलं नाही. मीही तोंड उघडलं नाही."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिली. बाईंनी नजर चुकवली नाही.

"लिहून द्या," ती म्हणाली.

बाईंनी कोरा कागद घेतला. घंटेपासूनची नऊ मिनिटं लिहिली, उघडी झडप लिहिली. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं, 'सत्तर अंशांच्या वरचा वेग मी मोजलेला नव्हता.' सही केली, तारीख घातली.

वहिनीने अक्षरांवरून बोट फिरवत सगळं वाचलं. "हे मी वरपर्यंत नेणार. तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"मी माफ केलं, असं समजू नका."

"नाही समजत."

तिने कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. बाईंनी माठातलं पाणी पुढे केलं. ती नको म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. तिने उभ्या उभ्या सगळं पाणी संपवलं, नळाखाली पेला विसळला, ओट्यावरच्या काचेच्या भांड्यांशेजारी पालथा घातला आणि पदर सारखा करून निघून गेली.