एका चौकशीचा ताप

सूयुनने भिंतीवर कागद चिकटवला तेव्हा तिचे मालक झेंग मुचेंग वाटीतली भाताची पेज फुंकून फुंकून पीत होते. कागदावर मधोमध एक मोठा गोल होता, त्यात लिहिलं होतं 'आपण', आणि चारही बाजूंनी त्या गोलावर बाण सोडले होते. वरून चिपवाले आणि बॅटरीवाले दाबतात, खालून परदेशी गिऱ्हाईक भावासाठी दाबतं, एका अंगाने रोज नवा कारखानदार घुसतो, दुसऱ्या अंगाने कानाला न लावताच गाणं ऐकवणारे चष्मे येऊ घातलेत. असं सगळं तिने वाचून दाखवलं. ग्वांगझोऊला व्यवस्थापनाचा अभ्यास करून आलेली मुलगी होती, आवाजही तसाच लावला होता.

"चार झाले," मालक म्हणाले. "पाच शत्रू दाखवते म्हणाली होतीस, पाचवा कुठंय?"

"पाचवा गोलातच आहे. श्याव."

मालकांची पेज घशात अडकली. बाओआनच्या कारखान्यांच्या वस्तीत, त्याच रस्त्यावर, चार इमारती सोडून, श्याव यांचा कारखाना होता. तेही बिनतारी इअरफोनच बनवत, त्याच साच्यांत, तीच चिप वापरून. परदेशी दुकानदार यायचा तो आधी एकाकडे भाव विचारायचा आणि मग तो भाव दुसऱ्याच्या तोंडावर मारायचा. दोघेही चाओशानकडचे, दोघांची गावं एकाच नदीच्या दोन काठांवरची, आणि गेली कित्येक वर्षं दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

"म्हाताऱ्याला तुझ्या कागदावर जागा मिळाली म्हणायची," मालक म्हणाले. "बरं, त्याचं करायचं काय?"

सूयुनने केलेला विचार साधा होता. ही चिप बनवणारी कंपनी छोट्या कारखान्यांना हात आखडूनच माल देते. बाकीची चिप ह्वाचियांगबेईच्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या बाजारातून उचलावी लागते, श्यावना आणि आपल्यालाही. बाजारातला सहा महिन्यांचा माल आपणच आधी उचलला, तर वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, सुमाराला श्यावची उत्पादनाची लाइन आपोआप बंद पडेल.

मालकांनी वाटी खाली ठेवली. त्यांचा चेहरा खुलला होता. "आधी बघ तरी, बाजारात एवढा माल आहे का."

इथेच गाडी घसरली. बाहेरगावच्या माणसाने ही चूक केली असती तर लोकांनी हसून सोडून दिली असती. पण सूयुनची आई त्याच बाजारात दुसऱ्या मजल्यावर काउंटर लावून होती, आणि पोरगी शाळेचा अभ्यास रिकाम्या खोक्यावर बसून करत मोठी झाली होती. तिला ठाऊक असायला हवं होतं. तिला ठाऊकही होतं, पण अलीकडे ऑफिसात बसून ती ते विसरली होती.

त्या बाजारात 'नाही' हा शब्द कुणी उच्चारत नाही. गिऱ्हाईक काहीही मागो, काउंटरवाला म्हणतो, "आहे, बसा." मग तो शेजारच्याकडे धावतो. शेजारीही म्हणतो "आहे" आणि आपल्या शेजाऱ्याकडे धावतो. माल कुणाच्या ड्रॉवरमधून निघाला हे कुणी विचारत नाही, संध्याकाळी आपसांत हिशेब मिटतो. या रीतीवर तो अख्खा बाजार चालतो. एकाला एक पाकीट हवं असेल तेव्हा ही रीत झकास आहे. सूयुनने सोमवारी सकाळी सहा महिन्यांचा माल आहे का म्हणून विचारलं, आणि अभ्यासक्रमात शिकवल्याप्रमाणे तुलना करता यावी म्हणून तीन वेगवेगळ्या काउंटरवर विचारलं.

दुपारपर्यंत तिघांनी दहा जणांना विचारलं, दहांनी आणखी कितीजणांना. संध्याकाळी बाजाराच्या सगळ्या फोनगटांवर एकच प्रश्न फिरत होता: ही चिप एवढी कोण उचलतंय? खरं गिऱ्हाईक कोण हे कुणाला माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येकाला वाटलं, सगळेच उचलतायत. ज्याच्याकडे होती त्याने ड्रॉवरला कुलूप घातलं. ज्याच्याकडे नव्हती त्याने दुप्पट भावाने मागायला सुरुवात केली. बुधवारी तर भाव विचारायची सोय राहिली नाही.

आणि बुधवारीच सूयुनला स्वतःच्या लाइनसाठी नेहमीची चिप हवी होती.

"नाही," लुओ मावशी फोनवर म्हणाल्या. लुओ मावशी म्हणजे आईच्या शेजारच्या काउंटरवाल्या. सूयुनच्या कंपनीला दर आठवड्याला माल त्याच द्यायच्या.

"मावशी, तुम्ही 'नाही' म्हणताय?"

"पहिल्यांदाच म्हणतेय गं आयुष्यात. जीभ अडखळली माझी. कुणी मेल्यानं सहा महिन्यांचा माल मागितला म्हणे, तेव्हापासून लोकांना वेडच लागलंय."

शनिवारी पोलंडच्या गिऱ्हाइकाचा माल गोदीवर पोचवायचा होता. कंपनीची आजवरची सर्वांत मोठी ऑर्डर होती ती. ती हुकली तर गिऱ्हाईक परत येणार नव्हतं, आणि सणाला गावी जाणाऱ्या कामगार बायकांना परत बोलवायला मालकांकडे काम उरणार नव्हतं. सणानंतर कारखान्याचं दार उघडेल की नाही, हे त्या चार खोक्यांत बसणाऱ्या चिपवर येऊन ठेपलं होतं.

तिने मालकांना सगळं सांगितलं. ते उठून भिंतीवरच्या कागदापाशी गेले.

"चार बाण आणि एक श्याव काढलास," ते म्हणाले. "पुढचा बाण आपणच आपल्याला मारला, तो काढ आता."

त्यांना ओरडायचंही सुचलं नाही, हे सूयुनला जास्त लागलं.

दुपारी लुओ मावशी स्वतःच येऊन थडकल्या. "एकाकडे आहे," त्या म्हणाल्या, "पण त्याचं नाव काढलं की तुझे मालक थुंकतात."

मालकांनी जाकीट चढवलं. कारखान्यातल्या बायका खिडकीतून बघत होत्या, आणि झेंग मुचेंग चार इमारती चालत गेले. मागून लुओ मावशी आणि खाली मान घालून सूयुन.

श्याव काका चहाच्या टेबलामागे बसले होते. हाडकुळे, चष्मा कपाळावर, बोटं चहाने पिवळी पडलेली. "या, बसा," एवढंच म्हणून त्यांनी पाणी उकळायला ठेवलं, जणू झेंग रोजच येत होते. चहा मुरला तसा त्यांनी तीन कपांत ओतला. माणसं चार होती. आमच्या चाओशानकडे माणसं कितीही असोत, कप तीनच मांडतात. कुणीतरी थांबायचं, कुणीतरी दुसऱ्याला आधी घ्या म्हणायचं, हाच त्या चहाचा अर्धा स्वाद. लुओ मावशींनी एक घेतला, सूयुनला एक घ्यायला लावला. तिसरा कप मधेच राहिला. झेंगनी हात पुढे केला नाही आणि श्याव काकांनीही नाही. कपातली वाफ विरत चालली.

"सोमवारपासून डझनभर लोकांनी मला फोन केले," श्याव काका म्हणाले. "सगळ्यांना तीच चिप, तेवढीच, तेवढेच महिने. मी म्हटलं, एवढ्या लोकांना एकाच दिवशी एकच स्वप्न पडलं की काय?" मग त्यांनी चष्मा खाली ओढला आणि सूयुनकडे पाहिलं.

"मी विचारलं होतं, काका," सूयुन म्हणाली.

"एवढा माल कशाला हवा होता तुला?"

मालक खोकले. लुओ मावशींनी छताकडे पाहिलं.

"तुम्हाला मिळू नये म्हणून."

श्याव काका हसले, हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. "बरं झालं बाई! कुणीतरी मला अजून अडचण समजतंय. माझा मुलगा तर मला घरातलं कपाट समजतो." मग एकदम हसणं थांबवून त्यांनी विचारलं, "शनिवारचा माल अडलाय म्हणे, त्याला किती लागते?"

तिने सांगितलं.

"उद्या सकाळी गाडी पाठव. माझ्याकडे शिल्लक पडलीय. भाव मागच्या महिन्याचाच."

"का?" झेंगना राहवलं नाही. "आज बाजारात तिप्पट मिळेल तुम्हाला."

"मुचेंग, तू बुडालास तर तो साचेवाला माझ्या एकट्याच्या जिवावर किती दिवस टिकेल? बॅटरीवाला तर आत्ताच आपल्या दोघांना ताटकळत ठेवतो, एकट्याला दारात तरी उभं करील का? आणि ते पोलंडवाले इथं येतात ते दोन भाव ऐकायला. एकच दुकान बघायला एवढ्या लांबून कोण येतंय?" ते किटलीशी चाळा करत थांबले. "आणि तसं नसतं तरी दिली असती. तू नदीच्या त्या काठचा असलास म्हणून काय झालं."

तो थंड होत आलेला कप त्यांनी बोटाने झेंगच्या पुढ्यात सरकवला. झेंगनी दोन बोटं टेबलावर टेकवून ठक-ठक केलं, आमच्याकडे असेच आभार मानतात. मग कप उचलून एका घोटात रिकामा केला. त्यांचे डोळे ओले झाले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

गुरुवारी सकाळी सूयुन स्वतः गाडी घेऊन गेली. पट्ट्यांवर गुंडाळलेल्या चिपची रिळं खोक्यांत भरून तयार होती. ती आणायला आत गेली तर तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाजच नव्हता. अख्खी लाइन उभी, पट्टा थांबलेला, आणि बायका स्टुलांवर बसून कलिंगडाच्या बिया फोडत गप्पा मारत होत्या.

"वीज गेलीय का?" तिने मुकादमबाईंना विचारलं.

"वीज कशाला जाईल? माल गेलाय. तो बघा, तुमच्या गाडीत चाललाय."

सूयुन जिथे होती तिथेच उभी राहिली. शिल्लक नव्हतीच. म्हाताऱ्याने स्वतःच्या चालत्या लाइनवरची चिप काढून दिली होती, आणि वर मागच्या महिन्याचा भाव लावला होता. तिला तिचा भिंतीवरचा कागद आठवला आणि कुठे तोंड लपवावं ते कळेना.

श्याव काका दाराशी संत्र्याच्या कुंडीला पाणी घालत होते.

"काका, तुम्ही शिल्लक म्हणाला होतात."

"शिल्लकच आहे. माझी ऑर्डर पुढच्या आठवड्याची आहे. तोवर ताप उतरेल." त्यांनी झारी खाली ठेवली. "अगं, कुणाला हवीय खरं तर ती चिप? तुला एकटीला हवी होती. बाकीचे सगळे तुझीच चौकशी एकमेकांना विकतायत."

"आणि नाही उतरला तर?"

"तर तुझा बेत तडीस जाईल," ते शांतपणे म्हणाले आणि पुन्हा झारी उचलली.

गाडी कारखान्यावर पाठवून सूयुन मेट्रोने थेट बाजारात गेली. पहिल्या मजल्यापासून सुरुवात केली. प्रत्येक काउंटरपुढे उभी राहून ती सांगत होती, "सहा महिन्यांची चौकशी माझी होती. एकटीची. आता नकोय." मागोमाग लुओ मावशी, आपलं काउंटर उघडं टाकून, खणखणीत आवाजात, "ऐकलंत का? दुसरं कुणी गिऱ्हाईक नाहीये! उगाच कुलपं घालून बसू नका!"

बाजाराने तिला सोडलं नाही. "ऑफिसात जाऊन अक्कल वाढली म्हणे हिची!" एक म्हणाला. आईची जुनी मैत्रीण म्हणाली, "स्थळं आणली तर एकालाही विचारत नाहीस, चिप मात्र सगळ्या बाजाराला विचारत सुटलीस!" सूयुन प्रत्येकापुढे वाकून माफी मागत राहिली. तिच्या आईने काउंटरवरून हे सगळं पाहिलं आणि लेक समोरून गेली तेव्हा गरम पाण्याचा पेला पुढे केला.

त्या दिवशी काही झालं नाही. शुक्रवारी एकाने गुपचूप ड्रॉवर उघडला, कारण गिऱ्हाईक नसलेला माल त्याला सगळ्यांच्या आधी विकायचा होता. ते शेजाऱ्याने पाहिलं. मग सगळ्यांना विकायची एकदमच घाई झाली.

शनिवारी दुपारी मालकांचा फोन आला. "ट्रक गोदीवर पोचला," एवढंच ते म्हणाले, आणि मग थोडं थांबून, "बायका टाळ्या वाजवतायत. तू इथं हवी होतीस." सूयुन तेव्हा लुओ मावशींच्या काउंटरपाशी होती. मावशींच्या हातात चिपची रिळं होती, भाव मागच्या महिन्याचा. तिने तिथूनच श्याव काकांना फोन लावला.

"काका, तुमच्या लाइनपुरता माल निघालाय बाजारात. जुन्याच भावाला." ती पुढे म्हणाली, "आमचा कारखाना आज चालू आहे तो तुमच्यामुळे. मी हे कधी विसरायची नाही. घेऊन ठेवू का तुमच्यासाठी?"

पलीकडून झारी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"घेऊन ठेव," श्याव काका म्हणाले. "पण पोरी, या वेळी एकाच दुकानात विचार."

लुओ मावशींना ते फोनमधून ऐकू गेलं आणि त्या पोट धरून हसू लागल्या. सूयुनही हसली, डोळे पुसले आणि रिळं उराशी धरून जिन्याकडे निघाली. श्याव काकांच्या कारखान्यातल्या बायका कलिंगडाच्या बिया फोडत बसल्या होत्या, आणि तिला लवकर पोचायचं होतं.